डॉक्टरबाईंना सांगितलेली वेळ

‘स्ट्रोक आहे,’ डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्याच दमात विचारलं, ‘नेमकं किती वाजता सुरू झालं?’

‘आठ वाजता,’ मी म्हणाले.

हे खोटं होतं. दुकानात बसणारी बाई आहे मी. ‘ताई, ह्यात आमाला काहीच सुटत न्हाई’ हे मी दिवसातून दहा वेळा म्हणते आणि दहाही वेळा ते खोटं असतं. पण परभणीच्या त्या दवाखान्यात बोललेलं खोटं माझ्या नवऱ्याच्या जिवावर उठणार होतं आणि मला त्याची गंधवार्ता नव्हती. तुमच्या घरी असा प्रसंग आला तर तुम्ही तसं बोलू नये, म्हणून हे लिहायला बसले आहे. मी काही लेखिका नाही. सरळ सांगते.

मानवतला आमचं भांड्यांचं दुकान आहे. मला गल्लीत सगळे अक्का म्हणतात. आमचे मालक विश्वनाथअप्पा, वय एकसष्ट. भांड्यांवर नाव घालण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या तालुक्यात नाही. भांडं मांडीवर घेऊन डाव्या हातानं घट्ट धरायचं आणि उजव्या हातातल्या यंत्रानं टरटर अक्षरं कोरायची. लग्नाचा हंगाम असला की दुकानात दिवसभर तोच आवाज. मुलगा आणि सून पुण्याला असतात, त्यामुळे घरात आम्ही दोघंच.

आम्ही लिंगायत. आमच्यात प्रत्येकाच्या गळ्यात लहानपणापासून इष्टलिंग असतं, चांदीच्या करंड्यात. सकाळी आंघोळ झाली की ते काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, बेल वाहायचा आणि त्याच्याकडे एकटक बघत बसायचं. अप्पांनी पन्नास वर्षांत ही पूजा चुकवलेली मला तरी माहीत नाही. तापात फणफणले असतानाही भिंतीला टेकून केली आहे.

त्या दिवशी सकाळी साडेसहाला मी चुलीजवळ, म्हणजे गॅसजवळच, भाकरी थापत होते. देवघरात टक् असा आवाज झाला. जाऊन बघते तर लिंग फरशीवर आणि अप्पा तळहात तसाच पुढे धरून बसलेले. म्हणजे त्यांना वाटत होतं, धरलाय. हात खरं तर मांडीवर लोळत पडला होता.

‘अहो, लिंग पडलं!’ मी ओरडले.

‘कुठं पडलं? हातात हाय की,’ ते म्हणाले. जीभ जड झाली होती.

आता तुम्ही म्हणाल, बाईला हात दिसला नाही का? दिसला. पण मला आधी लिंग दिसलं. आमच्यात लिंग हातून पडणं ही साधी गोष्ट नाही. माझ्या आजेसासूच्या तोंडून ऐकलेलं सगळं एकदम आठवलं, पडलं तर काय होतं, घरावर काय येतं. मी ते पदरात उचललं, ताटात भस्मावर ठेवलं आणि महाराजांना फोन लावला. महाराज म्हणजे आमच्या मठातले जंगम स्वामी, आमचे गुरू. फोन बंद. ते वालूरला एका बाळाच्या गळ्यात लिंग बांधायला गेले होते, हे मला मागाहून कळलं.

मी अप्पांना बाजेवर निजवलं. ते सारखं म्हणत होते, ‘मला काय झालं न्हाई. उगं बोंबलू नको.’ मला ते हवंच होतं. काही झालं नाही म्हणतायत तर नसेल झालं. तोंड जरा वाकडं दिसत होतं, ते मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. शेजारी कुणाला हाक मारली नाही. लिंग पडलं हे गल्लीत कळलं तर काय इज्जत राहील, हा विचार माझ्या डोक्यात होता. आता लिहितानासुद्धा लाज वाटते.

पावणेनऊला महाराज आले. दारातूनच मी रडत सांगितलं, ‘महाराज, लिंग पडलं. काय प्रायश्चित्त असंल ते सांगा.’ त्यांनी ताटाकडे बघितलंच नाही. सरळ बाजेजवळ गेले, अप्पांचा डावा हात उचलला आणि सोडला. हात धपकन खाली पडला.

‘अक्का, लिंगाचं मी बघतो,’ महाराज म्हणाले. ‘माणसाचा हात गेलाय. कधीपासून असं हाय हे? दवाखान्यात न्यायचं सोडून माझी वाट बघायलात?’

तोवर कधी महाराजांनी माझ्यावर आवाज चढवला नव्हता. महाराजांनी हाक मारली तसे शेजारचे रफीकभाई वेल्डिंगचं काम टाकून जीप घेऊन आले. ‘चाची, तुमी मागं बसा, अप्पांचं डोकं मांडीवर घ्या,’ एवढंच म्हणाले आणि काहीही विचारलं नाही. मानवतच्या डॉक्टरांनी रक्तदाब बघून एका मिनिटात परभणीला पिटाळलं. रक्तदाब लय वाढलेला होता. गोळी तीन महिन्यांपासून बंद होती. ‘आता बरं वाटतंय, कशाला खायची?’ असं म्हणून अप्पांनीच बंद केली होती. तुमच्या घरी कुणी असं म्हणत असेल तर त्याचं ऐकू नका.

परभणीला सीटी स्कॅन झाला. सीटी स्कॅन म्हणजे डोक्याचे यंत्रातून काढलेले आडवे फोटो. त्यात दिसतं की मेंदूत रक्त सांडलंय की रक्ताची वाट अडलीय. अप्पांची वाट अडली होती, उजव्या बाजूला. त्याला इस्केमिक स्ट्रोक म्हणतात. उजवा मेंदू डाव्या अंगाचा कारभार बघतो, म्हणून डावा हात गेला.

मेंदूच्या डॉक्टरबाई तरुण होत्या. चष्मा, पायात साध्या चपला, बोलणं हळू. त्यांनी मला समजावलं, ‘गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं. त्याला थ्रॉम्बोलिसिस म्हणतात. पण ते सुरुवातीपासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. तुम्ही आठ म्हणालात, म्हणजे अजून वेळ आहे.’ नर्स तयारीला लागली. माझ्यासमोर कागद आला.

सही करायला पेन उचललं तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘आजी, पुन्हा एकदा विचारते. आठच ना? वेळ त्याच्या आधीची असेल तर ह्याच इंजेक्शनानं मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. माणूस दगावू शकतो.’

आठ का म्हणाले होते मी? साडेसहा म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, इतका वेळ काय करत होतात? लिंग पडलं, महाराजांची वाट बघत होते, हे त्या चष्मेवाल्या पोरीपुढे मला सांगायचं नव्हतं. एवढंच. अडाणी ठरायचं नव्हतं.

मी पेन खाली ठेवलं. ‘बाई, साडेसहा,’ म्हणाले. ‘पूजेला बसले तवा.’

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सव्वाअकरा झाले होते. नर्सला मानेनंच नको म्हणून सांगितलं. मला वाटलं, आता ही मला फाडून खाईल. त्या माझ्याशेजारच्या खुर्चीवर बसल्या, पाण्याचा ग्लास माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, ‘बरं झालं सांगितलंत.’ मोठ्या शहरात मांडीतून नळी घालून गुठळी काढतात म्हणे. त्यांनी तिथेही फोन करून स्कॅन दाखवला. अप्पांच्या बाबतीत ते करण्यासारखं नव्हतं. मग रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्या आणि वाट बघणं.

त्या दवाखान्यात आम्ही नऊ दिवस होतो. वाट बघण्याच्या खोलीत हिरव्या खुर्च्या होत्या, त्यातली तिसरी माझी. दुसऱ्या दिवशी मुलगा आणि सून शीतल पुण्याहून आले. पाहुणे यायला लागले. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, ‘अक्का, तुमी वेळेवर आणलं म्हणून अप्पा वाचले.’ मी मान खाली घालून बसायचे. माझ्या अंगावर कुणी निखारे टाकावेत तसं व्हायचं मला, पण तोंड उघडलं नाही. मुलाला सांगितलं नाही, अप्पांना तर नाहीच.

चौथ्या दिवशी महाराज आले. लिंग शुद्ध करून, नव्या दोऱ्यात ओवून आणलं होतं. अप्पांच्या गळ्यात बांधलं आणि म्हणाले, ‘हे तुझ्यावर रुसलेलं न्हाई. तू तेवढा उठ.’ अप्पा ढसाढसा रडले. मीही रडले, पण माझं रडणं वेगळं होतं.

आता एका गोष्टीबद्दल मुद्दाम लिहिते, कारण ती आम्हाला कुणी आधी सांगितली नव्हती आणि मी त्यापायी आजारी माणसाशी भांडले. दवाखान्यातच एकदा मी ताट वाढलं. अप्पांनी भात संपवला आणि म्हणाले, ‘भाकरी वाढली न्हाई?’ भाकरी ताटात डाव्या बाजूला होती.

‘डोळे फुटले का? समोर हाय की!’ मी खेकसले.

डॉक्टरबाई फेरीवर होत्या. त्यांनी येऊन ताट अर्धं फिरवलं. भाकरी उजवीकडे आली, तसे अप्पा म्हणाले, ‘ही आत्ता आणली व्हय?’

याला निग्लेक्ट म्हणतात. डोळे चांगले असतात, पण मेंदू डाव्या बाजूची दखलच घेत नाही. डावीकडे जग असतं हेच तो विसरतो. अप्पा दाढी उजव्या गालाची करायचे आणि आरसा खाली ठेवायचे. एकदा तर स्वतःचाच डावा हात बघून मला विचारलं, ‘हा कुणाचा हात हाय इथं?’ मी ‘तुमचाच’ म्हणाले, तर ‘चेष्टा करू नको’ म्हणाले. म्हणूनच त्या सकाळी त्यांना ‘काय झालं न्हाई’ असं खरोखर वाटत होतं. ते खोटं बोलत नव्हते. रुग्ण ‘मला काही झालं नाही’ म्हणाला तरी त्याचं तोंड बघा, दोन्ही हात वर करायला सांगा, एक वाक्य बोलायला लावा. तोंड वाकडं, हात खाली, जीभ जड, यातलं एक जरी असलं तरी गाडी काढा. महाराज, भाऊ, पाहुणा, कुणाचीही वाट बघू नका.

घरी आल्यावर फिजिओथेरपी सुरू झाली, म्हणजे हातापायाचा व्यायाम. व्यायाम शिकवणाऱ्या ताई घरी यायच्या. त्यांनी विचारलं, ‘डाव्या हातानं रोज काय करायचात?’ अप्पा म्हणाले, ‘पूजा.’ मग त्यांनी लिंबू आणायला सांगितलं. रोज सकाळी डाव्या तळहातावर लिंबू ठेवायचं, खालून उजव्या हाताचा आधार द्यायचा आणि मान वळवून लिंबाकडे बघत राहायचं. शंभर अंक होईपर्यंत. लिंबू घरंगळलं की मी उचलून द्यायची. पहिला महिनाभर मी देवघरात नुसती लिंबं वेचत होते. एकदा वैतागून म्हणाले, ‘सरबत करून पिऊन टाका ते!’ तेव्हा आजारानंतर पहिल्यांदा अप्पा हसले, तोंड अर्धंच हसलं.

दुकानात मात्र त्यांचा जीव जायचा. एका जुन्या ताटावर नाव घालून बघितलं तर सगळी अक्षरं उजव्या कडेला एकमेकांच्या अंगावर पडलेली, डावं अर्धं ताट कोरं. आणि धरलेलं ताट हातातून कधी सुटलं ते त्यांना कळलंच नाही. यंत्र बंद करून ठेवून दिलं. ‘हे संपलं आता,’ म्हणाले. ते ताट मी कपाटामागे लपवलं. त्या दिवशी माझ्या मनानं पक्कं घेतलं की हे माझ्यामुळे झालंय. ते दोन-सव्वादोन तास मी भस्माच्या ताटापुढे बसून घालवले नसते तर इंजेक्शन मिळालं असतं, हात राहिला असता. मिळालं असतंच असं नाही, हे डॉक्टरबाईंनी नंतर सांगितलं. पण मनाला ते पटत नव्हतं.

चारेक महिन्यांनी डॉक्टरबाईंचा फोन आला. त्या स्ट्रोकवर संशोधन करतात, त्यांचे लेख डॉक्टरांच्या मासिकात छापून येतात, हे तेव्हा कळलं. खेड्यापाड्यांतले रुग्ण उशिरा का पोहोचतात, यावर त्या घरोघरी जाऊन विचारत होत्या. आमच्याकडे येऊ का म्हणाल्या. अप्पा मठात गेले होते ती वेळ मी दिली. त्या आल्या, कागदावर माझी संमती घेतली आणि म्हणाल्या, ‘पहिल्या मिनिटापासून सांगा. मधे काय काय केलंत तेही.’

‘झालं गेलं कशाला उकरायलात बाई?’ मी म्हणाले.

‘तुम्ही त्या दिवशी वेळ बदलून सांगितलीत ना, तसं पुष्कळ जण करतात. पण बदलली असं कुणी कबूल करत नाही. तुम्ही केलंत. म्हणून तुमच्याकडे आले.’

मी दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. पडलेलं लिंग, भस्म, बंद फोन, गल्लीची भीती, सगळं. त्या लिहीत राहिल्या. मधे एकदाही ‘अरेरे’ म्हणाल्या नाहीत. चहा पिऊन गेल्या.

तो लेख छापून आला तेव्हा शीतल सुट्टीला आली होती. डॉक्टरबाईंनी तिच्या मोबाइलवर पाठवला होता. सगळा इंग्रजीत. शीतल वाचून मराठीत सांगायची आणि मी स्वयंपाकघरात कान देऊन ऐकायची. आमचं नाव कुठेच नव्हतं. एका ओळीत होतं की एका कुटुंबानं आधी धर्मगुरूंना बोलावलं आणि धर्मगुरूंनीच त्यांना दवाखान्यात पाठवलं. मला आधी राग आला. माझ्या घरातली गोष्ट हिनं परक्या भाषेत चव्हाट्यावर मांडली म्हणून.

मग शीतलनं पुढचं वाचलं. डॉक्टरबाईंनी लिहिलं होतं, नातेवाईक वेळ चुकवतात त्याचं कारण लाज आहे, आणि ‘किती वाजता सुरू झालं?’ हा प्रश्नच पुरेसा नाही. त्याऐवजी विचारावं, ‘शेवटचं ठणठणीत कधी पाहिलंत?’ हा प्रश्न आपणही त्या रुग्णाच्या बायकोला विचारला नव्हता, अशी त्यांनी स्वतःची चूक लिहिली होती. आणि शेवटी लिहिलं होतं की गावात अडचणीच्या वेळी ज्यांना आधी बोलावलं जातं, त्या स्वामी, मौलवी, गुरुजी यांनाही स्ट्रोकची लक्षणं शिकवायला हवीत.

माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. एवढी शिकलेली बाई आपली चूक छापून मोकळी झाली आणि मी वर्षभर तोंड शिवून बसले होते! मी डॉक्टरबाईंना फोन केला. ‘बाई, हे मानवतला कोण वाचणार इंग्रजीत?’

‘मग तुम्ही मराठीत लिहा,’ त्या म्हणाल्या आणि हसल्या.

म्हणून हे लिहिलं. वहीची अकरा पानं झाली. पण ते कुणाला देण्याआधी अप्पांना वाचायला द्यायला हवं होतं. निग्लेक्टमुळे त्यांना ओळीची सुरुवात दिसत नाही, मधूनच वाचायला लागतात. मी नुसतं पुढ्यात ठेवलं असतं तर त्यांनी अर्धंमुर्धं वाचून ‘छान हाय’ म्हटलं असतं आणि मी सुटले असते. हे माझ्या मनात आलं, खोटं कशाला सांगू? पण डॉक्टरबाईंनी एक युक्ती शिकवली होती. पानाच्या डाव्या कडेला लाल रेघ मारायची. ती लाल रेघ दिसेपर्यंत मान वळवायची, मग ओळ वाचायची. मी पट्टी घेतली आणि अकराही पानांवर लाल रेघा मारल्या.

अप्पा दोन दिवस वाचत होते, बोट रेघेपासून सरकवत. मी दुकानात गिऱ्हाईक करत होते, पण लक्ष सगळं तिकडे. एका बाईला पातेल्याऐवजी कढई बांधून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी हाक मारली. ‘इकडं ये. वेळ चुकली हाय.’

‘कुठली वेळ?’

‘साडेसहा न्हाई. सहा.’ ते वहीकडे बघत बोलत होते. ‘आंघोळीला बसलो तवाच तांब्या सुटला व्हता हातातून. दोनदा. हाताला मुंग्या आल्या असतील म्हणून तसाच पूजेला बसलो.’

मी खालीच बसले. ‘मग सांगितलं का न्हाई मला?’

‘तू बोंबलली असतीस. पूजा राह्यली असती.’

‘अहो, वर्षभर मी एकटी पापी म्हणून फिरायलेय की हो!’

‘आन् मी?’ अप्पा म्हणाले. ‘मला वाटायचं, लिंग माझ्यामुळं पडलं. हाताचा भरवसा न्हाई हे ठावूक असून हातावर घेतलं. तुझं तोंड उतरलेलं दिसायचं रोज. म्हटलं, हिला सांगितलं तर हिला आनखी लागंल.’

मला त्यांचा इतका राग आला आणि इतकं हलकं वाटलं की काय करावं सुचेना. मी पदर तोंडाला लावून रडले, हसलेही. डॉक्टरबाईंनी त्या दिवशी शेवटचं ठणठणीत कधी पाहिलंत म्हणून विचारलं असतं तर मी म्हणाले असते, पाच वाजता, चहा पिताना. आणि मग ते इंजेक्शन कुणी भरलंच नसतं. मी आठवर अडून बसले असते, तर सव्वापाच तासांनी ते अंगात गेलं असतं आणि आज ही चूक काढायला अप्पा समोर नसते.

‘दुरुस्त कर,’ अप्पा म्हणाले. ‘न्हाई, आण इकडं. मीच करतो.’

मी पेन्सिल दिली. वर पंखा चालू होता, वहीचं पान फडफडत होतं. त्यांनी उजव्या हातानं ‘साडेसहा’वर काट मारली आणि वर ‘सहा’ लिहायला गेले तर पान उडालं. तेव्हा त्यांचा डावा हात मांडीवरून उठला, थरथरत आला आणि लाल रेघेवर बसला. भांडं धरायचा तसाच. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. अप्पांचं लक्ष अक्षराकडे होतं, त्यांना कळलंही नाही.

मी नुसतं बघत राहिले. त्यांचं लिहून होईपर्यंत मी श्वाससुद्धा मोठ्यानं घेतला नाही.